करंट मारतोय जरासा

(कोल्हापुरातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय 'विजेची शेगडी सुरक्षित कशी वापरावी' असा छापलाय. तो वाचून मघाशी दोघीतिघींनी विचारलं, "ताई, आपण गृहिणींचे वर्ग कधीपासनं घ्यायला लागलो?" प्रश्न रास्त आहे. पण स्वयंपाकघरात बाई भाजते किंवा करंटला चिकटते, तो घरगुती मामला नव्हे, हे आपल्या चळवळीनं फार आधी ओळखलंय. ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य पंचनाम्यांत सर्रास लिहिलं जायचं. भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा उडतो, हे बायकांनी रस्त्यावर येऊन विचारलं. १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली ३०४-ब ही कलमं आली ती त्या रेट्यातून. तरी 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली छापून आलेल्या अभ्यासाचा अंदाज पाहा : २००१ या एका वर्षात देशात आगीनं १ लाख ६३ हजारांवर माणसं मेली, त्यातल्या १ लाख ६ हजार बायका. त्यांतही तरुण जास्त.

रॉकेलचा स्टोव्ह आता क्वचित दिसतो. गॅस आला, आणि सिलिंडर संपला की वापरायला विजेची शेगडी आली. भाड्याच्या खोलीत राहणारी, शिकायला आलेली मुलगी तर कित्येकदा तिच्यावरच सगळा स्वयंपाक करते. आणि वस्तीत गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "जरासा करंट मारतोय, पण चालतंय."

ते चालवण्यासाठी बायका काय काय करतात! कुणी पायात स्लिपर घालते, कुणी लाकडी पाटावर उभी राहून आमटी ढवळते, कुणी पातेलं फडक्यानं धरते. पायाखाली कोरडं लाकूड असलं की करंट कमी लागतो, हे तिला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, अनुभवानं कळलंय. पण तिच्या या हुशारीमुळं बिघाड मात्र तसाच राहतो. एक दिवस फरशी ओली असते, हात ओला असतो, पाट धुवून बाहेर वाळत ठेवलेला असतो.

हे होतं कसं? कॉइलच्या शेगडीत मातीच्या चकतीत तारेचं वेटोळं उघडंच असतं. ते नुसतं गरम नसतं, त्यात वीज खेळत असते. दूध उतू गेलं, पातेलं घसरून तारेला टेकलं, की वीज पातेल्यात आणि तिथनं आपल्या हातात. तार तुटून पत्र्याला लागली तर अख्खी शेगडी जिवंत होते. अशा वेळी वीज आपल्या अंगातनं न जाता जमिनीत जावी म्हणून तिसरी तार असते, हिरवी. प्लगाची जाड पिन तिचीच. पण आपल्याकडे सॉकेटला तीन भोकं असतात आणि तिसऱ्यामागं तारच नसते! जुन्या वाड्यांत कधीकाळी कोळसा-मीठ घालून पुरलेलं अर्थिंग असतं, त्याला कित्येक वर्षं कुणी पाणी दाखवलेलं नसतं.

आणखी एक. बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असेल, तर ते बंद केल्यावरही वेटोळ्यात वीज हजर असते. म्हणून उतू गेलेलं पुसायचं तर आधी प्लग काढा, शेगडी थंड होऊ द्या, मग फडकं लावा. २००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. बारीक पिनांचं सॉकेट ६ अँपिअरचं. तिथं ॲडाप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी चालवली तर तार आतल्या आत तापून वितळते. तिला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट आणि अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी. एमसीबी असला की झालं असं समजू नका. तो तारेला वाचवतो. माणसाला वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, वायरमन त्याला ईएलसीबीही म्हणतात. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातनं एकदा दाबून पाहायचं.

इंडक्शनवर उघडी तार नाही, तेवढी ती बरी. पण तिला जर्मनची पातेली चालत नाहीत, लोहचुंबक चिकटेल असाच बुड लागतो, म्हणजे पुन्हा भांड्यांचा खर्च. काच तडकली की वापर बंद.

खर्चाचं निघालंच आहे तर बोलू. घरात टीव्ही बंद पडला तर संध्याकाळपर्यंत मेकॅनिक येतो. शेगडी करंट मारते म्हटलं की उत्तर येतं, "हात पुसून लाव की!" भाड्याचं घर असेल तर मालक म्हणतो तुमचं तुम्ही बघा, आणि नवरा म्हणतो दुसऱ्याच्या भिंतीत पैसे कोण घालणार. शेगडीसमोर उभी राहणारी मात्र तीच. घरकामाला जाणाऱ्या मावशींना तर हेही म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी मालकिणीच्या ओट्यावरचा मिक्सर करंट मारतो हे सांगायला त्यांना भीती वाटते. संघटनेनं हा मुद्दा पगाराइतकाच लावून धरावा असं माझं मत आहे.

कोल्हापूरकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ साली पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. पाणी ओसरल्यावर घर धुवायला पहिली आत शिरते ती बाईच. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. बुडालेली शेगडी नुसती उन्हात वाळवून लावायची नाही.

कुणी चिकटलंच तर हात लावून ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या काठीनं सोडवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद नाही, टूथपेस्ट नाही.

आता कार्यकर्त्यांसाठी. 'शॉक लागला' हे उद्याचं 'स्टोव्हचा भडका उडाला' होऊ द्यायचं नाही. शॉकनं बाई गेल्याची खबर आली, तर शेगडी, प्लग, वायर जागेवरनं हलवू देऊ नका, त्यांची पंचनाम्यात नोंद करायला लावा. लोक आधी शेगडी पुसून ठेवतात आणि मग पोलिसांना बोलावतात. विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला देण्याची आणि चौकशीची तरतूद वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये आहे. त्याचा अहवाल मागा. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील आणि मृत्यू संशयास्पद असेल, तर मॅजिस्ट्रेटची चौकशी आणि शवविच्छेदन व्हायला हवं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ आणि १७६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ आणि १९६ मध्ये आहे. ४९८-अ चं आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं, ३०४-ब चं ८०. ठाण्यात जाताना दोन्ही आकडे लिहून न्या. आणि हेही खरं की प्रत्येक शॉक खून नसतो. पण ज्या घरात महिनोन्‌महिने 'करंट मारतोय' म्हणून ती सांगत होती, तिथं ती कुणाकुणाला सांगत होती हे जबाबात यायलाच हवं.

मी तीन पिनांचा एक प्लग उघडून आणलाय आणि एक टेस्टर. चहाच्या आधी दहा-दहा जणी पुढं या. हिरवी तार कुठं बसते ते प्रत्येकीनं हातानं लावून बघायचं.