दान घेणाऱ्या हाताचा हिशेब

(वस्तीतल्या अभ्यासिकेच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत, पण आज समोर दुसराच प्रश्न आहे. आपल्या अभ्यासिकेचं छप्पर गळतंय. एक दारूवाली कंपनी नवे पत्रे घालून द्यायला तयार आहे. बदल्यात दारावर तिच्या नावाची पाटी आणि पोरांबरोबर एक फोटो. काही जण म्हणतात, घ्या. काही म्हणतात, तोंडावर फेका. मी म्हणतो, जरा थांबा. दारू विकायची आणि त्यातून दानधर्म करायचा, ही चाल जगात फार जुनी आहे. ती कशी चालली ते आधी बघू आणि मग हात वर करू.

फ्रान्समध्ये बर्गंडी म्हणून मुलूख आहे. तिथल्या बोन गावात 1443 साली निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ या दोघांनी गोरगरिबांसाठी इस्पितळ काढलं. लढायांनी आणि लुटारूंनी तेव्हा मुलूख खंक झाला होता. 1452 साली पहिला रोगी आत आला. पुढे श्रीमंतांनी या इस्पितळाला द्राक्षमळे दान दिले. आज ते सुमारे 60 हेक्टर आहेत. त्या मळ्यांची वाइन पिंपापिंपानं लिलावात विकतात आणि पैसा इस्पितळाला जातो. हा लिलाव 1859 पासूनचा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो, जगभरचे पैसेवाले येतात. पिंप 228 लिटरचं. 2022 साली त्यातल्या एका खास पिंपाला 8 लाख 10 हजार युरो आले, आणि ते दुसऱ्या धर्मादाय कामांना गेले.

आता हे खोटं नाही, हे आधी कबूल करू. त्या जुन्या इमारतीत 1971 पर्यंत रोगी होते. पाचशे वर्षांवर माणसं तिथे उपचार घेऊन घरी गेली. ज्याचं पोर तापानं फणफणलंय त्याला औषधाची बाटली कुठल्या पैशातनं आली हे विचारायला सवड नसते. म्हणून दान घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. तोंडानं क्रांती बोलणारे आणि शेजारच्याच्या दवाखान्याच्या चिठ्ठीकडे न बघणारे आपल्यातही आहेत.

पण हा रोलँ कोण होता? बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य कारभारी. सत्तेत बसून त्यानं अफाट माया जमवली. फ्रान्सचा राजा अकरावा लुई या इस्पितळाबद्दल म्हणाला होता असं सांगतात, की रोलँनं जन्मभर एवढी माणसं भिकेला लावली, आता त्यांना निवारा बांधून देणं त्याला भागच होतं. राजा काही आपला माणूस नव्हता. पण प्रश्न बरोबर जागी बसला. दान किती दिलं हे सगळे विचारतात. ते जमलं कसं, हे कोण विचारणार?

हा प्रश्न घेऊन दक्षिण आफ्रिकेत चला. तिथे का? कारण तिथे वाइन बनवणारा मजूर आणि वाइनवाल्यांचं दान घेणारा गरीब, हे एकाच घरातले आहेत.

केपमध्ये डच कंपनीनं 1659 साली पहिली वाइन गाळली. मळ्यांवर राबायला गुलाम आणले. मादागास्करहून आणले, पूर्वेच्या बेटांवरून आणले, आणि आपल्या बंगालच्या, मलबारच्या किनाऱ्यावरूनही जहाजात कोंबून नेले. 1834 साली गुलामी कायद्यानं उठली, प्रत्यक्षात सुटका व्हायला 1838 उजाडलं. माणूस सुटला, पण मळा तोच, मालक तोच. आणि मालकानं एक दावं हाताशी ठेवलं होतं. त्याचं नाव डॉप.

डॉप म्हणजे घोट. मजुरीचा एक हिस्सा पैशात न देता वाइनमध्ये द्यायचा. सकाळी कामाला लागताना घोट, मध्ये घोट, संध्याकाळी घोट. वाइन हलकी, जी बाजारात धड खपणार नाही अशी. मालकाला मजुरी स्वस्त पडली आणि मजूर मळा सोडून जाईना, कारण त्याचं शरीरच मळ्याला बांधलं गेलं. आपल्याकडे गावकीचं काम करून घ्यायचे आणि हातावर शिळा तुकडा ठेवायचे. तिथे तुकड्याऐवजी पेला होता. दोन्हीकडे रोख पैसा मालकाच्या कनवटीलाच राहिला.

1960 च्या दशकात या रिवाजावर कायद्यानं बंदी आली. पण मळ्यावर कायदा चालत जातो, धावत जात नाही. 1990 च्या दशकातही काही मळ्यांवर डॉप चालूच होता. पिढ्यान् पिढ्या असं पाजल्यावर काय होणार? आईच्या पोटात असतानाच दारू पोचली की पोराच्या मेंदूला इजा होते. त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. ती जन्मभर पुरते, तिला औषध नाही. जगात जिथे जिथे मोजणी झाली, त्यात सगळ्यात वरच्या आकड्यांमध्ये पश्चिम केपचे हे द्राक्षपट्टे आहेत. आता कुणी त्या आईला दोष द्यायला उठेल. त्याला सांगा, तिच्या आज्याला पगारात पेला कुणी दिला ते आधी वहीत बघ.

आता दानाकडे येऊ. 2004 साली स्टेलनबॉशच्या भागात पेबल्स प्रोजेक्ट नावाची संस्था निघाली. मळ्यांवरच्या मजुरांच्या पोरांसाठी बालवाड्या, शाळेनंतरचे वर्ग, दारूनं इजा झालेल्या पोरांकडे खास लक्ष, असं तिचं काम. काम चांगलं आहे. त्या बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला माझा सलाम. पण वाइनवाला जेव्हा अशा कामाला पैसे देतो आणि बाटलीवर लिहितो की आम्ही समाजाला परत देतो, तेव्हा मी त्याच्यातला ‘परत’ हा शब्द धरून ठेवतो. परत देतोस ना? मग घेतलं होतंस. किती घेतलं होतंस? उसनं घेतलेलं परत करणाऱ्याला दानशूर कधीपासून म्हणायला लागले?

2011 साली ह्युमन राइट्स वॉच या संघटनेनं तिथल्या फळमळ्यांचा आणि वाइनमळ्यांचा अहवाल काढला. राहायला मोडकी घरं, अंगावर विषारी फवारा आणि संरक्षणाला काही नाही, मळ्यात संडास नाही, प्यायला पाणी नाही, युनियन करू गेलं तर आडकाठी. पुढच्याच वर्षी, 2012 च्या अखेरीस, डी डोर्न्स गावात ठिणगी पडली. तिथली द्राक्षं खायची, पण संप पश्चिम केपभर पसरला. कमीत कमी रोज होता 69 रँड. मागणी होती 150 ची. संपात माणसं मेली. आणि 1 मार्च 2013 पासून सरकारला रोज 105 रँड करावा लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही. तरी हिशेब करा, निम्म्याहून जास्त वाढ. कुठल्या लिलावानं, कुठल्या फोटोनं असं एका झटक्यात मजुराच्या घरात पीठ वाढवलं?

गोदीत मी हेच शिकलो. आमच्यातला एक जण लोखंडाखाली सापडला. ठेकेदार हार घेऊन आला, पाकीट दिलं, फोटो काढला. बायकोनं कायद्यातली भरपाई मागितली तर म्हणाला, एवढं केलं तरी तुम्हा लोकांना पुरत नाही. पाकिटात दया होती म्हणून भरपाईचा हक्क गेला, असा त्याचा हिशेब.

मग सगळंच दान टाकून द्यायचं का? नाही. चांगल्या वाटाही आहेत. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात 1981 पासून वाइनचा धर्मादाय लिलाव सुरू झाला, पैसा दवाखान्यांना, मुलांच्या कामांना गेला. पण मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. 2002 साली तिथल्या मळेवाल्यांनी स्वतःवर एकरी 10 डॉलरपर्यंत पट्टी बसवून घेतली, मळ्यातल्या मजुरांच्या निवाऱ्यांसाठी. पट्टी म्हणजे सगळ्यांनी भरायची, दरवर्षी, मर्जी असो नसो. मजूर तिथे भाडं भरून राहतो, कुणाच्या उपकारात राहत नाही. आणि केपमध्येच थांडी नावाच्या वाइनला 2003 साली फेअरट्रेडची मान्यता मिळाली. त्या पद्धतीत द्राक्षाच्या भावावर जादा रक्कम निघते आणि ती कशावर खर्चायची हे मजुरांनी निवडलेली समिती ठरवते. तिथे पैशाबरोबर निर्णयही हातात येतो.

आपल्याकडे नाशिकला वाइन होते. द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याचे आदिवासी उतरतात. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असा कायदा 2014 पासून लागू आहे. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. कंपनीनं फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरत नाहीत. म्हणजे कायद्यालाही समजतं, कामगाराचं देणं वेगळं आणि समाजकार्य वेगळं. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कुणाच्या पाणपोईवर उभं राहून नव्हे. तळं सार्वजनिक होतं, म्हणून घेतलं. पाणी तेच, पण घेणाऱ्याची मान कशी आहे यावर सगळं ठरतं.

म्हणून मी ठराव मांडतो. एक, कंपनीला पत्र लिहून विचारायचं, तुमच्या कारखान्यातल्या ठेक्यावरच्या कामगाराला रोज किती, भविष्यनिधी भरता का, आणि बाईला पुरुषाएवढा रोज देता का. दोन, लेखी उत्तर आलं आणि ते धड असलं, तर पैसे अभ्यासिकेच्या खात्यात चेकनं घ्यायचे, खर्च आपल्या समितीनं करायचा, हिशेब फळ्यावर लावायचा. तीन, पाटी नाही, फोटो नाही. पोरं अभ्यासाला येतात, जाहिरातीला नाही. चार, उत्तर आलंच नाही तर वर्गणी काढायची. पहिल्या पत्र्याचे पैसे मी माझ्या पगारातून देतो. पावसाळ्याला अजून वेळ आहे आणि पत्रे ठोकायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

ज्याचं मत वेगळं असेल त्यानं उठून बोलावं. बाकीच्यांनी हात वर करा.

जय भीम.