पट्टा तुटलाय, उद्या ये

(संविधान दिनानिमित्त म्हैसूर येथे मराठी भाषक विद्यार्थी आणि नोकरदार तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यातले काही जण निपाणी-चिकोडीकडचे आहेत. काही कोल्हापूर, सांगली, लातूर, नांदेडहून इथल्या कंपन्यांच्या ट्रेनिंगला आलेत, काही विद्यापीठात शिकतात. मघाशी ओळख करून देताना बहुतेकांनी सांगितलं की घरात पदवी घेणारे आम्हीच पहिले. मीही तशीच. घरातली पहिली पदवीधर आणि गावातल्या आमच्या वस्तीतली पहिली वकील.

आयोजकांनी विषय दिलाय ‘लोकशाहीत मानवी हक्क आणि नागरी स्वातंत्र्य’. हा विषय ऐकला की आपल्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, जात पडताळणी रखडते, गावात अत्याचार होतात. हे आपले प्रश्न. भाषणस्वातंत्र्य, राजद्रोहाचं कलम वगैरे पोट भरलेल्यांच्या गप्पा, आपल्याला त्यात पडायचं नाही. नोकरी लागताना पोलीस व्हेरिफिकेशन असतं, बाबा.

मीही बरीच वर्षं असंच समजत होते. ते कसं बदललं, ते आज सांगते.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमचं गाव निपाणीच्या बाजूला. त्या साली जयंतीची मिरवणूक आमच्या पोरांनी पहिल्यांदा वस्तीतून काढून वेशीतल्या रस्त्याने नेली. मारामारी झाली नाही, साधी शिवीगाळही नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, साखर संपली. ज्यांच्या शेतावर आई जायची त्यांनी सांगितलं, या आठवड्यात काम नाही. आई जोंधळ्याचं गाठोडं घेऊन गिरणीवर गेली. गिरणीवाला म्हणाला, “पट्टा तुटलाय, उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी गेली, तर पुन्हा, “उद्या ये.”

आमच्या घरात बसलं की त्या गिरणीच्या इंजिनाची पुकपुक ऐकू यायची. ती दिवसभर चालू असायची. आईने तिसऱ्या दिवशी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शेजारच्या गावी चालत गेली. दोन महिने ती तशीच जात होती.

लक्षात घ्या, ‘तुम्हाला वाळीत टाकलंय’ असं कुणीही तोंडाने म्हटलं नाही. कुणी कागद लिहिला नाही. सगळ्यांनी फक्त आपापली सेवा थोडी लांबवली. बहिष्कार असाच चालतो. त्याला काठी लागत नाही, सगळ्यांचं ‘उद्या’ पुरतं.

आता म्हैसूरकडे येते.

जानेवारी २०२० मध्ये दिल्लीत जेएनयूच्या विद्यार्थ्यांवर हल्ला झाला. देशभर निषेध झाले. ८ जानेवारीला इथे मानसगंगोत्रीच्या आवारातही झाला. त्यात विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थिनीच्या हातात ‘फ्री काश्मीर’ असा फलक होता. तिच्यावर कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. तिचं म्हणणं होतं की काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट आणि संपर्कावर जे निर्बंध होते, त्यातून लोकांना मोकळं करा एवढाच अर्थ होता. तुम्हाला तो फलक पटेल किंवा पटणार नाही. मलाही त्या दिवशी तो शहाणपणाचा वाटला नव्हता. पण पुढे जे झालं ते बघा. शहरातल्या वकील संघाने ठराव केला की तिचं वकीलपत्र आपल्यापैकी कुणीही घ्यायचं नाही.

मी तेव्हा बेंगळुरूला वकिली करत होते. सनद मिळून दोन वर्षं झाली होती. ठरावाची बातमी आली तशी दुसऱ्या शहरांतले वकील पुढे आले. आपण वकीलपत्रावर सह्या करू, म्हैसूरला जाऊन उभे राहू, असं ठरलं. मलाही फोन आला. मी म्हटलं, “उद्या सांगते.”

मी विचार केला, ज्या वकिलांकडे मी ज्युनिअर आहे ते काय म्हणतील? उद्या मला मॅजिस्ट्रेटच्या परीक्षेला बसायचंय. आपल्यामागे कोण आहे? ही सगळी कारणं खरी होती, आजही खरी आहेत. दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. शंभराहून जास्त वकिलांनी सह्या केल्या, त्यात माझं नाव नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस इथल्या न्यायालयाने तिला जामीन दिला. माझ्यावाचून काही अडलं नाही.

मग एका रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस, कशाला भानगडीत पडायचं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग तुझाबी पट्टा तुटला हुता व्हय गं?”

तेव्हापासून मला हा विषय दुसऱ्याचा वाटत नाही.

गिरणीवाल्याचं काम पीठ दळून देणं, वकिलाचं काम आरोपीची बाजू मांडणं. समोरच्या माणसाची जात, मत किंवा मिरवणुकीचा रस्ता पसंत नाही म्हणून ते नाकारायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून, याला आपल्या भाषेत वाळीत टाकणंच म्हणतात. आपल्याला तो वास सगळ्यांच्या आधी यायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्याच नाकात आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? संविधानाचं कलम २२ सांगतं की अटक झालेल्या माणसाला त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात वकील संघटनांचे असले ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले. ते प्रकरण कोइम्बतूरचं होतं. आणि तिथल्या वकिलांचा बहिष्कार पोलिसांवर होता. म्हणजे हा हक्क आज फलक धरणाऱ्या मुलीला उपयोगी पडतो, तसा काल पोलिसाला पडला होता. हक्क माणूस बघून दिला की तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते.

दुसरी गोष्टही याच शहरातली, पन्नास वर्षांपूर्वीची. मराठी मुलांना ती फारशी माहीत नसते. बी. बसवलिंगप्पा हे देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत कर्नाटकात बंद करायला लावणारा माणूस. नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूरच्या एका कार्यक्रमात ते म्हणाले की कन्नड साहित्यात बराचसा ‘बूसा’ आहे. बूसा म्हणजे आपला भुसा, जनावरांचा खुराक. झालं! राज्यभर दंगा पेटला. वाद साहित्याचा होता, पण मार खाल्ला हॉस्टेलमधल्या दलित विद्यार्थ्यांनी. बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ च्या ऑगस्टमध्ये, राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख ‘साधना’त आला आणि महाराष्ट्र खवळला होता. दलित पँथर त्याच वर्षी उभी राहिली. इकडे बूसा प्रकरणात मार खाल्लेल्या पिढीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली. देवनूर महादेव आणि सिद्धलिंगय्या त्याच पिढीचे. एका वर्षाच्या अंतराने दोन राज्यांत एकच गोष्ट घडली. आपला माणूस टोचेल असं बोलला, आणि बोलण्याला उत्तर देण्याऐवजी त्याचं तोंड बंद करायची मागणी झाली.

म्हणून मी म्हणते, भाषणस्वातंत्र्य हा पोट भरलेल्यांचा विषय नाही. गोड बोलणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही. जो पिढ्यांनंतर पहिल्यांदा तोंड उघडतो, त्याचं बोलणं कडूच लागतं. संरक्षण त्याला लागतं.

बाबासाहेबांची वकिली बघा. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून जेधे, जवळकर या ब्राह्मणेतर चळवळीच्या मंडळींवर खटला झाला. बाबासाहेबांनी त्यांची बाजू लढवली आणि ते सुटले. तुम्ही म्हणाल, ती आपलीच माणसं होती. बरं, मग १९३४ घ्या. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला होता. कारण काय, तर वाचकांनी लैंगिक गोष्टींबद्दल विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली. अख्खा पांढरपेशा समाज त्यांच्यावर उलटला होता. कर्वे चित्पावन ब्राह्मण. त्या खटल्यातून बाबासाहेबांना मतं मिळणार नव्हती आणि पैसाही मिळणार नव्हता. तरी ते मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांसाठी उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. वकिलीत हे हरलेलं प्रकरण आहे, पण मला वाटतं आपण ते जिंकलेल्या खटल्यांपेक्षा जास्त वेळा वाचावं. आपल्या हक्कांसाठी लढणारा माणूस दुसऱ्याच्या हक्काच्या वेळी ‘उद्या सांगतो’ म्हणाला नाही.

राजद्रोहाच्या कलमाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण तीही म्हैसूरचीच गोष्ट आहे. इथले निवृत्त मेजर जनरल एस. जी. वोंबटकेरे यांनी या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. याच गृहस्थांनी पूर्वी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या बेझवाडा विल्सन यांच्यासोबत आधारविरोधातही याचिका केली होती. एक फौजी अधिकारी आणि मैला वाहणाऱ्या समाजातून आलेला कार्यकर्ता, दोघे एका याचिकेत. ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने १२४-अ खालची कारवाई स्थगित ठेवायला सांगितलं. पण लगेच निश्चिंत होऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नाव बदललं म्हणून भीती संपत नाही.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचं? नोकरी सोडून मोर्चात जायचं? नाही. घर तुमच्या पगाराकडे डोळे लावून बसलंय, हे मी विसरलेले नाही. मी चारच गोष्टी सांगते.

एक, हक्क पाठ करा. अटकेचं कारण सांगावंच लागतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर १५१००. हा नंबर आजच गावाकडे पाठवा.

दोन, बहिष्कार हा गुन्हा आहे हे गावाला सांगा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे आला. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा आहे. माझ्या आईला हे कुणी सांगणारं नव्हतं. तुमच्या आईला तुम्ही आहात.

तीन, लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. ‘उद्या ये’ हा शब्द कोर्टात एकटा टिकत नाही, पण दहा दिवसांची नोंद टिकते.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. ज्याचं म्हणणं पटत नाही त्याच्यावर वेळ आली, तर निदान त्याला वाळीत टाकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहू नका. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘असल्यांना वकीलच देऊ नये’ असा मेसेज आला, तर तो पुढे ढकलू नका. जमलं तर एक ओळ लिहा, वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. एवढ्याने नोकरी जात नाही. आणि तुम्ही एकट्याने लिहिलंत तर कदाचित आणखी दोघं लिहितील.

मॅजिस्ट्रेटची ती परीक्षा मी दिली, पास झाले नाही. म्हणजे ज्यासाठी गप्प राहिले तेही हाती आलं नाही. आता मी कुठलंही वकीलपत्र नाकारते तेव्हा स्वतःला विचारते, खरंच वेळ नाही, की पट्टा तुटलाय?

गावाकडची ती गिरणी आता बंद आहे. आमच्या वस्तीत एका पोराने विजेवरची नवी टाकली. आई तिथे बसायला जाते. मध्यंतरी तिने सांगितलं, जुन्या गिरणीवाल्याची म्हातारी दळण घेऊन आली होती. मी विचारलं, मग? आई म्हणाली, “मग काय, दळून दिलं.”

जयभीम. जय संविधान.