पुढची बैठक

सायकलींच्या कुळात एक जात अशी आहे की, तिच्यावर एका वेळी दोघांनी बसावयाचे असते. बैठका दोन, पायडलांच्या जोड्या दोन. परंतु साखळ्या एकमेकींशी जखडलेल्या. हँडल पुढच्याच्या हाती, रस्ताही त्यालाच दिसतो. मागच्याच्या वाट्याला पुढच्याची पाठ आणि दोन्ही अंगांची शेते येतात. संसाररथाच्या दोन चाकांची उपमा आपल्याकडे फार जुनी. तिचेच हे यंत्ररूप म्हणावयाचे. मात्र या वाहनावर एक प्रश्न झाकून ठेवता येत नाही : पुढे कोणी बसावयाचे?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर शोधावयाचे, तर फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याकडे वळावे लागते. पती व्यवसायाने डॉक्टर, पत्नीहून बारा वर्षांनी वडील. अल्जिरिया व स्पेन हे देश सायकलीवरून पाहून झाल्यावर 1897 च्या अखेरीस ही दोघे पूर्वेकडे निघाली आणि भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या दिशेने सायकली हाकू लागली. दोघांच्या सायकली स्वतंत्र होत्या. प्रवासाची साखळी तेवढी एक होती. या भ्रमंतीवरील त्यांचा ‘थ्रू टाउन अँड जंगल’ हा ग्रंथ 1904 साली निघाला. चौदा हजार मैलांचा हा प्रवास मंदिरांतून आणि माणसांतून झाला, असे त्याचे उपशीर्षकच सांगते.

जड सामान आगगाडीने पुढे पाठवावे, बरोबर बेताचेच ठेवावे, रात्र पडेल तेथे, प्रसंगी स्टेशनच्या विश्रामखोलीतही, पाठ टेकावी, असा त्यांचा क्रम होता. कधी अन्न संपे, कधी पाणी. एखाद्या दिवशी तर चाळीस वेळा पंक्चर काढावे लागे. हवेची धाव 1888 मध्ये डनलॉपने सुरू केली खरी. पण आपल्या वाटांवरील काट्यांची त्याला काय कल्पना!

त्या काळी दिल्ली राजधानी नव्हती. ती घोषणा व्हावयाची होती 1911 साली. पंजाब प्रांतातील ते एक शहर होते. तेथून उत्तरेस जाणारी वाट सोनीपत, पानिपत अशी शेतांमधून जाई. मोगलांनी उभारलेले कोसमिनार अंतराची खूण सांगत. पश्चिम यमुना कालव्याचे पाणी जेथे पोहोचे, तेथे गहू आणि ऊस डोलत. जेथे पोहोचत नसे, तेथे पावसाकडे डोळे लागलेले असत. मराठी मनाला पानिपत म्हटले की 1761 ची 14 जानेवारी आठवते. पण रणांगण होण्यापूर्वी आणि नंतरही ती भूमी शेतकऱ्याचीच होती, हे आपण सहसा विसरतो.

वर्कमन दांपत्य आले तेव्हा 1896-97 चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मुंबई इलाख्यात प्लेग ठाण मांडून बसला होता. देशाची ही व्यथा सायकलीवरून अगदी जवळून दिसण्याजोगी होती. परंतु जवळून जाणे म्हणजे जवळचे होणे नव्हे. दोघांचे मन प्राचीन शिल्पात रमे. बरोबरच्या हमालांविषयी लिहिताना मात्र त्यांच्या लेखणीला पुष्कळदा साहेबी ताठा येई. वाहन माणसाला शेताच्या बांधापर्यंत नेते. बांध ओलांडावयाचा तो ज्याचा त्याने.

असे असले तरी एका बाबतीत त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. 1898 च्या उन्हाळ्यात सपाटीवरचा उकाडा चुकवण्यासाठी ती दोघे काश्मीर-लडाखकडे वळली आणि पर्वतांच्या मोहात पडली. पुढील मोहिमांत त्यांनी एक पद्धत पाळली. एका मोहिमेची व्यवस्था एकाने पाहावी, दुसऱ्याने छायाचित्रे व शास्त्रीय नोंदी सांभाळाव्यात. पुढच्या वेळी कामांची अदलाबदल करावी. म्हणजे पुढची बैठक आळीपाळीने! सियाचेन हिमनदीवरील 1912 च्या मोहिमेचे नेतृत्व फॅनीकडे होते. सुमारे एकवीस हजार फुटांवर तिने स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारे वृत्तपत्र हाती धरले, आणि तिचे छायाचित्र घेण्यात आले. अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळण्यास तेव्हा आठ वर्षांचा अवकाश होता.

दिल्ली-पानिपत वाट आज रुंद महामार्ग झाली आहे. कित्येक कोसमिनार वाहनांच्या गर्दीत एकाकी उभे आहेत. सोनीपतला 1951 साली ॲटलस सायकलींचा कारखाना निघाला. तेथील सायकली देशभरच्या खेड्यांत पोहोचल्या. त्याच कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम 2020 मध्ये, नेमके जागतिक सायकलदिनी, 3 जून रोजी थांबले. तरीही खेड्यापाड्यांत पती सायकल चालवीत आहे आणि मागच्या कॅरिअरवर पत्नी बसली आहे, हे दृश्य अजून लोपलेले नाही. त्यात माया नाही असे कोण म्हणेल? परंतु 2006 मध्ये बिहार शासनाने शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आखली, तेव्हा गावच्या वाटेवर एक निराळे दृश्य उमटले : हँडल मुलीच्या हाती आले. मागे बसणाऱ्यालाही कधी पुढचा रस्ता दिसला पाहिजे. दोघांनी मिळून लांबचा पल्ला गाठावयाचा तर बळ दोघांचे लागते. तसा दिशा ठरविण्याचा अधिकारही दोघांचाच असावा लागतो.