विक्रेता सापडला पाहिजे



 पुणे-सोलापूर महामार्ग आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग असलेल्या मोडनिंबमधील व्यापारी, बागायतदार आणि विणकरांना बाहेरचे गिऱ्हाईक नवे नाही. पण आता ते गावात न येताच माल मागवते. माल हाताळता येत नाही, विकणारा दिसत नाही आणि पैसे मात्र अनेकदा आधी द्यावे लागतात. म्हणून व्यवसायाचे संकेतस्थळ कसे असावे, याला माझे उत्तर एकच आहे: अडचण आली तर विक्रेता सापडेल, अशी खात्री देणारे.

देखणेपणाला मी कमी लेखत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ साली अडीच हजारांहून अधिक लोकांकडून संकेतस्थळांच्या विश्वासार्हतेवर शेरे घेतले. त्यांतले सुमारे ४६ टक्के मांडणी, अक्षरे, रंग अशा बाह्यरूपाविषयी होते. पण डाळिंबाच्या बाजारात जाणता खरेदीदार क्रेटचा वरचा थर पाहून बोली लावत नाही. हात घालून खालचा थर बघतो. संकेतस्थळाचा खालचा थर म्हणजे पत्ता, पूर्ण किंमत, परतीच्या अटी आणि तक्रारीची सोय. नेमक्या याच गोष्टी अनेक जण तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत ठेवतात. त्या वर आणा, आणि मराठीत लिहा.

सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते विकताना ‘उत्तम दर्जाचे रसाळ डाळिंब’ एवढ्याने भागत नाही. तसे कोणीही लिहील. वाण भगवा, फळाचे वजन २५० ते ३०० ग्रॅम, पेटीत ३ किलो, तोडणीचा दिवस, पोचण्याची मुदत, फळ सडके निघाले तर पैसे किती दिवसांत परत, हे सगळे लिहा. फोटो आपल्याच बागेतला असावा. सालीवर डाग असतील तर तेही दिसू द्यात. चादर असेल तर लांबी-रुंदी, वजन, कोणते सूत आणि माग कुठे चालतो ते सांगा. सोलापुरी चादरीच्या नावावर भलताच माल खपवला जातो, ही जुनी तक्रार आहे. खऱ्या मालाची खूण पटवून देणे आपल्याच हाती आहे.

कायदाही हेच मागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रीच्या संकेतस्थळावर व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळक हवे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई, न मागता पिशवीत टाकलेली वस्तू, पैसे भरायच्या क्षणी उगवणारा जादा आकार, या त्यांतल्याच. ज्याला ५०० रुपये सांगितले त्याच्याकडून शेवटी ५८० घेतले, तर वरच्या ८० रुपयांसाठी आपण ते गिऱ्हाईक कायमचे गमावले.

पैसे भरताना यूपीआयवर दिसणारे नाव आणि दुकानाचे नाव वेगळे असेल, तर तसे आधीच लिहा. अनोळखी नाव पाहून माणूस हात आखडता घेतो. अभिप्राय खरेच छापा. नाराजीचा असेल तर पुसू नका, त्याखाली आपण काय केले ते लिहा. नव्या गिऱ्हाइकाला त्या उत्तरातूनच तुमची रीत कळते.

तुम्हा सर्वांना माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आपले संकेतस्थळ साध्या मोबाइलवर उघडून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. त्यांना पत्ता, एकूण किंमत आणि फोन नंबर मदतीशिवाय सापडतो का, ते पाहा. त्या नंबरवर कामाच्या वेळेत माणूस बोलला पाहिजे, आणि बोलणाऱ्याला पैसे परत करण्याचा अधिकार हवा. ज्यांना हे जमले त्यांनी शेजारच्या लहान उद्योजकाला शिकवावे. या भागातून मागवलेल्या मालामागे जबाबदार माणूस उभा असतो, असा लौकिक आपण सगळ्यांनी मिळून कमवायचा आहे.