मातेचे मोहोरबंद हुकूम

गंगेच्या खोऱ्यातील संथ ओढ्यांत जेमतेम दीड इंच लांबीचा, अंगावर निळे पट्टे असलेला एक मासा आढळतो. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील मत्स्यांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. झेब्रा मासा या नावाने तो आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदत आहे. कारण त्याचे अंडे मातेच्या देहाबाहेर वाढते आणि पारदर्शक गर्भाची घडण डोळ्यांनी पाहता येते.

या घडणीत एक कोडे आहे. फलित अंड्याची विभागणी झपाट्याने सुरू होते. परंतु गर्भाची स्वतःची जनुके पहिले सुमारे तीन तास बहुतांशी मूकच असतात. मग तेवढा वेळ कारभार चालतो कोणाच्या हुकुमाने? तो चालतो मातेच्या. अंडे तयार होत असतानाच तिने त्यात आर.एन.ए. रेणूंच्या रूपाने असंख्य संदेश साठवून ठेवलेले असतात. कोणते प्रथिन घडवावयाचे, हे त्यांत लिहिलेले असते.

पण हुकूम लिहिणे निराळे आणि तो योग्य स्थळी, योग्य वेळी उघडला जाणे निराळे. ही व्यवस्था आर.एन.ए.ला बिलगून राहणारी प्रथिने पाहतात. कोवळ्या अंडपेशीत केंद्रकाजवळ ‘बाल्बियानी पिंड’ नावाचा एक पुंजका असतो. बीजपेशींसाठी लागणारे संदेश त्यात गोळा होऊन अंड्याच्या एका ध्रुवाकडे नेले जातात. आरबीपीएमएस-२ हे प्रथिन याच पिंडात सापडते. त्याची दोन्ही जनुके निकामी केली असता माशांत अंडी तयार झालीच नाहीत. सारे नर निपजले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

वायबीएक्स-१ या प्रथिनाचे काम मोहोर राखण्याचे. शरीराची मांडणी ठरविणारा ‘स्क्विंट’ नावाचा एक संदेश ते धरून ठेवते. मातेकडून हे प्रथिन धड न मिळालेल्या गर्भांत तो संदेश भलत्या जागी गेला, वेळेआधीच वाचला गेला आणि गर्भाची घडी विस्कटली, असे २०१३ मध्ये आढळले. हुकूम खरा होता. चुकली ती वेळ.

ही गोष्ट केवळ माशांची नव्हे. स्त्रीच्या अपक्व अंडपेशींतही बाल्बियानी पिंड आढळतो, आणि त्या पेशी तिच्या जन्मापूर्वीच तयार होऊन वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. त्या दीर्घ प्रतीक्षेचे मर्म उलगडण्यास गंगेकाठचा हा चिमुकला मासा हातभार लावीत आहे.