सोपवलेले काम, न सोपवता येणारी जबाबदारी

रुग्णालयातील रुग्णसेवा एकट्या व्यक्तीच्या हातून पार पडत नाही. शासकीय परिभाषेत जिला अधिपरिचारिका म्हणतात ती प्रशिक्षित व नोंदणीकृत परिचारिका आपल्या कामांपैकी काही कामे साहाय्यक परिचारिकेकडे, प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीकडे, वॉर्डबॉयकडे किंवा मावशींकडे देते आणि तसे केल्याशिवाय वॉर्ड चालणेही शक्य नसते. देखरेखीचे कर्तव्य स्वतःकडे राखून एखादे ठरावीक काम दुसऱ्याकडून करवून घेणे याला ‘प्रत्यायोजन’ म्हणतात. अशा कामात चूक होऊन रुग्णाला इजा झाली, तर कायदा कोणाला जबाबदार धरतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

दिवाणी कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध होण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्या कर्तव्याचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच हानी झाली. काम दुसऱ्याकडे दिल्याने परिचारिकेचे कर्तव्य संपत नाही, त्याचे रूप तेवढे बदलते. कारण आता तिने ते काम कसे केले हे न पाहता कोणते काम, कोणाला, कोणत्या सूचना देऊन दिले आणि नंतर त्याकडे लक्ष ठेवले की नाही, हे पाहिले जाते. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने 1995 मध्ये हीच कसोटी योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख अशा पाच अंगांनी मांडली. भारतात ती कायदा म्हणून लागू नसली, तरी परिचारिकेने वाजवी काळजी घेतली की नाही हे तपासायला ती उपयोगी पडते.

या पाच अंगांपैकी सूचना हे अंग वॉर्डात सर्वांत सहज निसटते. मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण आहे, लघवीची पिशवी भरली आहे आणि सिस्टर मावशींना ती रिकामी करायला सांगतात. मावशी पिशवी ओततात, जागेवर लावतात आणि ‘भरली होती, ओतली’ असे सांगून पुढच्या खाटेकडे वळतात. काम चोख झालेले असते, परंतु मोजून ओता असे कोणी सांगितलेलेच नसल्यामुळे तक्त्यावर अंदाजाने एक आकडा लिहिला जातो, डॉक्टर त्या आकड्यावर औषधाची मात्रा ठरवतात आणि खाली सही परिचारिकेची असते. पिशवी ओतणे हे सोपवण्याजोगे काम आहे. त्या मापाचा अर्थ लावणे आणि ते खरे असल्याची हमी देणे सोपवता येत नाही. हात उसने घेता येतात, निर्णय उसना घेता येत नाही.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात केलेला आहे. विषमज्वरासाठी दाखल झालेल्या एका बालकाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले, त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका नोंदणीकृत नव्हती आणि इंजेक्शन देण्याचे काम डॉक्टरांनी तिच्यावर सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये बालकासाठी 12.5 लाख आणि आईवडिलांसाठी 5 लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि जो काम नीट करू शकणार नाही हे माहीत आहे, त्याच्याकडे जबाबदारी देणे हाच निष्काळजीपणा ठरू शकतो, असे सांगितले. हे विधान वरिष्ठ डॉक्टरांच्या संदर्भातले असले, तरी त्यामागचा तर्क अप्रशिक्षित हाती सुई देणाऱ्या परिचारिकेलाही तितकाच लागू पडतो.

भरपाईचा भार मात्र एकट्या परिचारिकेवर पडत नाही. सेवकाने नोकरीच्या ओघात केलेल्या चुकीसाठी मालकही उत्तरदायी असतो, या तत्त्वाला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पोटात टॉवेल राहिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये याच तत्त्वाने महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले.

फौजदारी कायद्याचा मार्ग वेगळा आहे, कारण तेथे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा केवळ मालक वा वरिष्ठ म्हणून भोगावी लागत नाही. प्रत्येकाची स्वतःची कृती तपासली जाते. जेकब मॅथ्यू खटल्यात, जेथे अत्यवस्थ रुग्णासाठी आणलेले प्राणवायूचे सिलिंडर रिकामे निघाले होते, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचाच असला पाहिजे, असे ठरवले. परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून दोन वर्षांची कमी मर्यादा फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीला, म्हणजे वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला, दिलेली आहे. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. एकाच खाटेजवळ उभ्या असलेल्या दोघांपैकी जिच्या हाती अधिकार कमी, तिच्यासाठी शिक्षेची मर्यादा अधिक, ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

आपल्याकडच्या वॉर्डांत याहून नाजूक प्रकार घडतो, तो म्हणजे काम नातेवाइकांकडे जाणे. नाकातल्या नळीतून पेज घालणे किंवा सलाईन संपत आली की हाक मारणे ही कामे रुग्णाची आई किंवा मुलगा करतो. त्यांना ना प्रशिक्षण असते, ना पगार. ते नोकर नसल्यामुळे त्यांच्या चुकीचे खापर त्यांच्यावर फोडून परिचारिकेला किंवा रुग्णालयाला सुटता येईल असे मानणे धोक्याचे आहे, कारण असे काम त्यांच्यावर का सोडले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

म्हणून परिचारिकेने काम देताना सूचना नेमकी द्यावी, ती समजली आहे ना हे विचारून घ्यावे, काम झाल्यावर स्वतः पाहावे आणि मगच सही करावी. मनुष्यबळ अपुरे असेल तर ते परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना, त्याच पाळीत लेखी कळवावे. अशा लेखी सूचनेने तिचे कर्तव्य संपत नाही. पण तुटवडा कोणी निर्माण केला, याचा पुरावा त्यातून उभा राहतो. रात्रपाळीला एकच परिचारिका नेमून भरलेला वॉर्ड तिच्या स्वाधीन करणारे व्यवस्थापनही एक काम सोपवतच असते आणि योग्य व्यक्ती, योग्य परिस्थिती व योग्य देखरेख ही कसोटी त्या सोपवण्यालाही लावली गेली पाहिजे.