सोयाबीनवरचा चक्रीभुंगा

श्रावणात नृसिंहाच्या दर्शनाला परभणीजवळच्या पोखर्णीला जाताना दोन्ही अंगांना सोयाबीनच दिसतं. त्या हिरव्या रानात मधेच एखादा शेंडा मान टाकून वाळलेला असतो. पाऊस तर झालाय, मग हाच का सुकला? सुकलेल्या भागाच्या बुडाशी नीट पाहा. देठावर, फांदीवर किंवा खोडावर एकाखाली एक असे दोन गोल काप दिसले, तर ते काम चक्रीभुंग्याचं.

भुंगा सेंटिमीटरभर लांब, डोकं नारिंगी, पंखांचा मागचा भाग काळपट. मादी आधी दोन चक्रं कोरते आणि खालच्या चक्राजवळ भोक पाडून आत अंडं घालते. काप बसल्यामुळे वर जाणारा रस तुटतो आणि शेंडा वाळतो. साधारण आठवडाभरात अळी निघते. ती पिवळसर पांढरी आणि बिनपायाची असते. ती आतला गर खात खोडात खाली सरकते. महिना-दोन महिने तिचा हाच उद्योग. हंगामाच्या शेवटी ती जमिनीपासून वीतभर उंचीवर झाड आतून कापते. भरल्या शेंगांसकट झाड आडवं होतं, आणि अळी खोडाच्या तुकड्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत निपचित पडून राहते.

तिच्या या जीवनचक्रातच उपाय आहे. अंडं फुटायला आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी रानातून फिरा. सुकलेला देठ किंवा फांदी खालच्या चक्राच्याही खालून तोडा आणि रानाबाहेर नेऊन नष्ट करा. अंडं त्याच्याबरोबर जातं, औषधाचा पैसा वाचतो. नुसता वाळका शेंडा खुडला, तर अंडं मागेच राहतं. अळी खोडात उतरल्यावर केलेली फवारणी फारशी लागू पडत नाही.

एक मीटर तासात चक्रं पडलेली तीन ते पाच झाडं आढळली, की मगच औषध घ्या. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एकरी 60 मिली किंवा थायक्लोप्रिड 21.7 टक्के एकरी 300 मिली. यांपैकी एकच घ्या, आणि पुन्हा फवारायची वेळ आली तर औषध बदला. अमेरिकेत बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्याने वर्षानुवर्षं एकामागून एक कीटकनाशकं पचवली आहेत. ती पाळी आपल्यावर नको. फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि वाऱ्याच्या दिशेनेच चला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे विसरू नका.

पुढच्या वर्षीची तयारी काढणीनंतरच सुरू होते. अळी धसकटात आणि पडलेल्या खोडांत असते, म्हणून धसकटं आणि खोडं वेचून नष्ट करा आणि उन्हाळ्यात खोल नांगरट करा. पेरणी दाट नको, युरियाचा मारा नको. धुऱ्याने धैंचा लावला, तर भुंगा आधी त्याच्याकडे ओढला जातो. मात्र त्या धैंच्यावरही लक्ष ठेवा, नाहीतर किडीची पैदास तिथेच होईल.

भुंगा उडतो, धुरा मानत नाही. तेव्हा आठवड्याची ही फेरी शेजाऱ्याला बरोबर घेऊनच मारा. काही शंका असली, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना सुकलेली फांदीच नेऊन दाखवा.